‘इतर’चा रकाना

दिवाळी तोंडावर आली होती. बीड जिल्ह्यातल्या त्या तांड्यावर मुकादमाची उचल घेऊन झाली होती आणि घराघरांत भांडीकुंडी बांधून ठेवलेली होती. आठ-दहा दिवसांत सगळी कोयती, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याकडे निघणार होती. मी एका ओट्यावर बसून प्रश्नावली भरत होते. अभ्यास कुटुंबनियोजनाच्या साधनांचा होता. पैसा परदेशी देणगीदाराचा, काम एका विद्यापीठातल्या विभागाचं आणि आम्ही पाचजणी दिवसाच्या मानधनावर घेतलेल्या अन्वेषक. समोरची बाई जेमतेम तिशीची असेल. ‘सध्या कोणतं साधन वापरता?’ असा प्रश्न होता आणि त्याखाली पर्यायांची रांग.

“कायबी नाही. पिशवीच काढली की, ताई.”

कधी काढली, असं मी विचारलं. दोन वर्षं झाली म्हणाली. पोटात दुखायचं, पाळीत मोळी उचलवायची नाही, आणि एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. सासूची काढली होती, जावेचीही.

मी पर्याय वरून खाली दोनदा वाचले. गर्भाशय काढल्याचा रकाना नव्हता. संध्याकाळी पर्यवेक्षकांना विचारलं. ते भले गृहस्थ होते, आमच्या जेवणाची, परतीच्या गाडीची काळजी घेणारे. ते म्हणाले, “‘इतर’वर खूण करा आणि पुढं चला, उद्या बारा फॉर्म व्हायला हवेत.” त्या तांड्यावर मी सात वेळा ‘इतर’वर खूण केली. पुढे आलेल्या अहवालात त्या सातजणी कुठेच नव्हत्या.

काही वर्षांनी पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी हा विषय लावून धरला. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साधारण सहाजणींमागे एक. हा आकडा वाचला तेव्हा मला तो ओटा आठवला. आम्ही तिथे आधीच जाऊन आलो होतो. आमच्याकडे गाडी होती, पैसा होता, प्रशिक्षित माणसं होती, आणि ती बाई स्वतःहून सांगत होती. लिहून घ्यायला तेवढी जागा नव्हती.

परदेशी देणगी आणि विद्यापीठातलं संशोधन यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेल्या बाजू पडतात. एक म्हणते, हे परकीय हस्तक आहेत, देशाची बदनामी करायला पैसे घेतात. दुसरी म्हणते, विज्ञानाला सरहद्द नसते, पैसा कुठून का येईना, काम प्रामाणिक असलं की झालं. मी ज्या कामात होते तिथे दोन्ही खरं नव्हतं. आम्हाला कोणीही खोटं लिहायला सांगितलं नाही, निष्कर्ष आधी ठरवून दिले नाहीत, आणि काम प्रामाणिक होतं. देणगीदाराने ठरवला होता तो फक्त प्रश्न. माझं म्हणणं इतकंच आहे की संशोधनात प्रश्न ठरवणं हीच सगळ्यात मोठी सत्ता असते, आणि ती आपण स्वतःच्या हाताने सोडून दिली आहे.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पंजाबातलं आहे. १९५०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने लुधियाना जिल्ह्यात खन्नाजवळच्या गावांमध्ये संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. मुख्य पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा होता. घरोघर जाऊन फेसाच्या गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या, दर महिन्याला नोंदी घेतल्या, आणि असं वर्षानुवर्षं चाललं. लोक गोळ्या घेत होते, ‘हो, वापरतो’ म्हणत होते, आणि जन्मदर मात्र त्या गोळ्यांनी हलला नाही. १९७०च्या सुमारास महमूद ममदानी हे युगांडाचे अभ्यासक तिथल्या एका गावात गेले आणि त्यांनी लोकांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. पाहुणे भले होते, लांबून आले होते; त्यांचं मन कशाला मोडायचं म्हणून लोक गोळ्या घेत होते. एकाने तर त्या गोळ्यांच्या डब्या रचून शोभेची वस्तू करून ठेवली होती. शेतीला हात लागत होते, म्हातारपणी आधार लागत होता, म्हणून मुलं हवी होती. हे त्या गावातल्या कोणीही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण ‘तुम्हाला मुलं का हवीत?’ हा संशोधनाचा प्रश्नच नव्हता. लोकसंख्येचा स्फोट ही त्या काळातली अमेरिकेतल्या धोरणकर्त्यांची मोठी भीती होती, आणि त्या भीतीचं उत्तर शोधायला माणसं पंजाबात आली होती.

आपल्या मुंबईतही हा धागा सापडतो. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या मदतीने उभी राहिली. १९९२-९३पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा तिच्याकडे आहे. त्याच्या पहिल्या फेरीमागे अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेचा पैसा होता. या सर्वेक्षणाचे उपकार मी नाकारणार नाही. स्त्रियांच्या रक्तक्षयापासून घरातल्या मारहाणीपर्यंत कितीतरी गोष्टी त्यामुळेच आकड्यांत आल्या. पण क्रम बघा. पहिल्या फेरीत विवाहित, म्हणजे लग्न झालेल्या किंवा कधीकाळी झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले गेले, कारण भर किती मुलं झाली आणि कोणतं साधन वापरलं यावर होता. गर्भाशय काढलं का, कोणत्या वयात, कुठे आणि कशासाठी, हे सविस्तर विचारायला २०१५-१६ची चौथी फेरी उजाडावी लागली. तोवर तेवीस वर्षं गेली होती.

आणि ज्याच्या पैशावर प्रश्न उभा असतो, त्याने हात काढला की काय होतं, तेही आपण नुकतंच पाहिलं. जगभरच्या अनेक देशांत अशी सर्वेक्षणं ज्या अमेरिकी कार्यक्रमाखाली व्हायची, तो फेब्रुवारी २०२५मध्ये वॉशिंग्टनमधल्या निर्णयाने बंद पडला. आपल्या सर्वेक्षणाचा संसार आता आपलं आरोग्य मंत्रालय चालवतं, म्हणून आपण तरलो. आफ्रिकेतल्या कित्येक देशांना बालमृत्यूचा भरवशाचा आकडा मिळण्याचा तो एक मुख्य मार्ग होता.

हे लिहिताना परदेशी पैशामुळे झालेलं चांगलं काम मी विसरलेले नाही. मद्रासला १९५६ साली ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि आपली भारतीय वैद्यक संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी मिळून केलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की क्षयरोग्यावर घरी राहूनही सॅनेटोरियमइतकेच चांगले उपचार होऊ शकतात. त्या एका निष्कर्षाने गरीब देशांतल्या असंख्य रोग्यांना दार उघडलं. तिथे पैसा बाहेरचा होता, पण प्रश्न इथला होता. खाटा कमी आणि रोगी अफाट, हे मद्रासचं दुखणं होतं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुण्यातल्या एका संस्थेच्या इतिहासाने. आज आपण जिला राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही म्हणतो आणि कोविडच्या काळात जिचं नाव घराघरांत पोचलं, ती १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो संयुक्त उपक्रम. रॉकफेलरचा खरा जीव पीतज्वरात, म्हणजे यलो फीव्हरमध्ये होता. त्यावरच्या लशीसाठी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं होतं. डास आणि गोचिडांमार्फत पसरणारे विषाणू शोधण्यासाठी त्यांनी त्रिनिदाद, ब्राझीलमधलं बेलें आणि पुणे अशी प्रयोगशाळांची साखळी उभारायला घेतली होती. १९५२च्या सुमारास भारतात माणसं मरत होती देवी, कॉलरा, मलेरिया आणि क्षयाने. विषाणूंपुरतं बोलायचं तर देवीचा विषाणू मोठा मारेकरी होता. पुण्यातलं नवं केंद्र मात्र कीटकजन्य विषाणूंसाठी होतं, कारण साखळी त्याचीच होती.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, आणि लाकूडफाट्याला, गुरं चारायला जंगलात जाणारी माणसं तापाने फणफणू लागली. माकडं मरताहेत म्हटल्यावर पीतज्वराचा संशय आला आणि पुण्याचं पथक लगोलग पोचलं. पीतज्वर नव्हता. गोचिडांतून येणारा नवाच विषाणू सापडला, तोही फार थोड्या काळात. हे मोठं यश होतं आणि ते रॉकफेलरच्या पैशाशिवाय तितक्या वेगाने मिळालं नसतं. त्या वेळी त्यांचा प्रश्न आणि आपली गरज योगायोगाने एकाच वाटेवर आली.

पुढचं ऐका. साठच्या दशकाच्या अखेरीस रॉकफेलर बाहेर पडलं. या रोगावर एक लस तयार झाली होती, निष्क्रिय केलेल्या विषाणूची. तिचा प्रभाव पुरेसा पडत नाही असं दिसत असतानाही तीच लस दशकानुदशकं दिली जात राहिली, आणि अखेर वापरातून गेली. दरम्यान रोग जागचा हलला होता. २०१५-१६च्या सुमारास तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. तिथे त्याला ‘माकडताप’ म्हणतात. काजूच्या हंगामात बागेत जाणारी माणसं आजारी पडली, काही दगावली. विषाणू ज्या पुण्यात ओळखला गेला, तिथून दोडामार्ग एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर आहे, आणि साठ वर्षांनी तिथल्या बागायतदाराच्या हातात भरवशाचं काही नव्हतं. गोचिडांना दूर ठेवणारं तेल अंगाला लावा आणि मेलेलं माकड दिसलं तर कळवा, एवढंच. हा रोग अमेरिकेत जाणार नव्हता, औषध कंपन्यांना त्यात बाजार नव्हता. ज्यांना तो होतो ती आपलीच माणसं होती, आणि आपण स्वतःच्या पैशाने तो प्रश्न त्या नेटाने पुढे नेला नाही. या ठिकाणी मी देणगीदाराला दोष देत नाही. त्याचा प्रश्न संपला, तो गेला. आपला कुठे संपला होता?

याच क्यासनूरच्या गोष्टीला आणखी एक फाटा आहे. नव्या विषाणूचं रशियातल्या एका विषाणूशी जवळचं नातं निघालं, म्हणून तो हिवाळी पाखरांबरोबर आला असेल अशी शंका आली. मुंबईत सालिम अली यांनी ही संधी नेमकी हेरली. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचं स्थलांतर अभ्यासावं हे त्यांच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं, पैसा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम सुरू केलं, भरतपूरला तळ पडले, हजारो पक्ष्यांना कडी लागली. पाखरांनी विषाणू आणला हे काही सिद्ध झालं नाही, पण स्थलांतराची जी माहिती जमली तिच्यावर आपल्याकडची पुढची कितीतरी पक्षिविद्या उभी आहे. सालिम अलींकडे स्वतःचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या पैशावर त्यांनी तो तडीस नेला.

तरी एक गाठ त्यांनाही चुकली नाही. पुढे त्याच प्रकल्पाला अमेरिकी लष्कराच्या एका पाहणीचा पैसा मिळाला. १९७४-७५ साली संसदेत आणि वर्तमानपत्रांत त्यावरून वादळ उठलं. दिल्लीतल्या डासनियंत्रणाच्या एका संशोधन केंद्राबरोबर पक्ष्यांचाही प्रकल्प संशयाच्या भोवऱ्यात सापडला. लोकांना धक्का बसला तो मुख्यतः हे आधी कोणी सांगितलं नव्हतं याचा. करार पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर असता तर चर्चा वेळेवर झाली असती आणि एका आयुष्यभराच्या कामावर शिंतोडे उडाले नसते.

आज विद्यापीठात हे कसं घडतं ते आतून पाहिलं तर त्यात कारस्थान वगैरे काही नसतं. एखाद्या फाउंडेशनचा ‘कॉल’, म्हणजे प्रस्ताव मागवणारी जाहिरात, निघतो. त्यात या वर्षीचे विषय दिलेले असतात. विभागप्रमुख सहकाऱ्यांना बोलावतात आणि विचारतात, यात आपलं काय बसवता येईल? ‘बसवणं’ हा शब्द मी कित्येक बैठकांत ऐकला आहे. कोरडवाहू शेतीवर दहा वर्षं काम केलेला माणूस एका रात्रीत हवामान बदलाचा अभ्यासक होतो, पुढच्या कॉलला लिंगभावाचा, त्याच्या पुढच्याला डिजिटल साक्षरतेचा. विषय सगळेच महत्त्वाचे आहेत. पण दहा वर्षांत जमलेली जाण वाऱ्यावर जाते. पीएच.डी.चे विद्यार्थी प्रकल्पात पगार मिळेल तो विषय घेतात. त्यांनी काय करावं? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी मुलांना आंदोलनाला बसावं लागलं आहे. भाडं थकलेल्या मुलाला ‘तुझ्या मनातला प्रश्न घे’ हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. बढतीच्या गुणांकनातही बाहेरून आणलेला प्रकल्प मोजला जातो. गावात सहा महिने राहून एक प्रश्न नीट समजून घेतला, याला गुण नाहीत.

सरकारचं उत्तर म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा. तो १९७६ साली आणीबाणीत आला, २०१०मध्ये नव्याने झाला आणि २०२०च्या दुरुस्तीने फार आवळला गेला. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. एखाद्या मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि जिल्ह्यातल्या लहान संस्थेने स्थानिक माणसं घेऊन अभ्यास करायचा, ही पद्धत त्यामुळे बंद झाली. म्हणजे ज्यांना गावातला प्रश्न ठाऊक होता तेच आधी बाहेर फेकले गेले. पैसा कुठून येतो यावर सरकारची नजर हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर संशोधन चालू लागलं की सरकारला न आवडणारे प्रश्नही ‘इतर’मध्ये जातात. नळावरचा हात बदलतो, पाणी कोणाच्या शेतात जायचं हे विभागाला तरीही ठरवता येत नाही.

खरं दुखणं घरातलं आहे. २०२०-२१ साली भारताने संशोधनावर आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा ०.६४ टक्के भाग खर्च केला. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, दक्षिण कोरिया पाचच्या. केंद्र सरकारच्या संशोधनखर्चाचा मोठा भाग अणुऊर्जा, अवकाश, संरक्षण अशा केंद्रीय संस्थांकडे जातो. ज्या राज्य विद्यापीठांत बहुसंख्य मुलं शिकतात, तिथे मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक संशोधन कशाच्या बळावर करणार? २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. त्यातले सुमारे ३६,००० कोटी उद्योग आणि देणगीदार यांच्याकडून यायचे आहेत. मग देणगीदार अमेरिकेतल्या सिएटलचा असो की मुंबईचा, माझा प्रश्न तसाच उभा राहतो.

आपल्याकडे दुसरा रस्ता कोणी दाखवलाच नाही असं नाही. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. देणगी संस्थेसाठी होती. विषय ठरवायचं काम धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांनी काय निवडलं पाहा. पुण्यातला फळबाजार, वाई तालुक्यातली शेती आणि तिचा जमाखर्च, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी शेतकऱ्याचं नेमकं किती भलं केलं. जगातल्या कोणत्याही फाउंडेशनच्या यादीत १९३०च्या दशकात वाई तालुका आला नसता.

मला तीन-चार गोष्टी व्हायला हव्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना कायदा बदलावा लागत नाही. प्रत्येक विभागाने पैसा शोधायला निघण्याआधी, दर पाच वर्षांनी, आपल्या भागातल्या प्रश्नांची स्वतःची यादी करावी आणि ती मराठीत जाहीर करावी. मग कॉल आला की यादीतलं काही बसतं का ते पाहावं. बसत नसेल तर नाही म्हणावं. नाही म्हणण्याची ताकद येण्यासाठी राज्याने विद्यापीठांना कशालाही न बांधलेला संशोधन निधी द्यायला हवा, थोडा का असेना, पण दर वर्षी आणि वेळेवर. देणगीचा करार, प्रश्नावली आणि माहितीची मालकी कोणाकडे, हे पहिल्या दिवशी संकेतस्थळावर टाकावं. आणि एक नियम मी अनुभवातून सांगते. पूर्वचाचणीत कुठल्याही प्रश्नाला वीसातून एक उत्तर ‘इतर’मध्ये जात असेल, तर प्रश्नावली थांबवावी, टेबलावर परत आणावी, आणि ती भरणाऱ्या मुलींना बैठकीत बसवून विचारावं की लोक काय सांगताहेत. तसं झालं असतं तर बीडची गोष्ट त्याच दिवाळीत कळली असती.

त्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर ‘अन्वेषकाचा शेरा’ अशा चार ओळी होत्या. त्या सातही फॉर्मवर मी त्या ओळींत लिहिलं होतं: वय, किती वर्षांपूर्वी, कोणत्या गावच्या दवाखान्यात, किती पैसे घेतले. दोघींनी व्याजाने पैसे काढून शस्त्रक्रिया केली होती, तेही लिहिलं होतं. संगणकात माहिती भरायची वेळ आली तेव्हा शेऱ्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. पुढे पाच वर्षांनी, करारातल्या कलमाप्रमाणे, मूळ फॉर्म नष्ट करण्यात आले.